नेटवर्क मध्येच मरतं, पण कार्डाचा दिवा चालूच

प्रश्न: माझ्या डेस्कटॉपवर लिनक्स आहे. मागच्या अपडेटनंतर एक त्रास सुरू झालाय, मोठी फाइल कॉपी करायला घेतली की थोड्या वेळाने नेटवर्क बंद. रीस्टार्ट केलं की परत चालू. गंमत म्हणजे नेटवर्क कार्डाचा हिरवा दिवा सगळा वेळ लागलेलाच असतो. लॉगमध्ये 'नेटडेव्ह वॉचडॉग, ट्रान्समिट क्यू ० टाइम्ड आउट' असं एकदा दिसलं आणि खाली पानभर आकडे. कार्ड रियलटेकचं, ते चालवणारा ड्रायव्हर आर८१६९. सगळे म्हणतात कार्ड गेलं, नवीन घे. घेऊ का?

उत्तर: एवढ्यात नको. तुम्ही जे लिहिलंय त्यात कार्ड गेल्याची खूण मला एकही दिसत नाही, आणि ड्रायव्हर किंवा पॉवर सेव्हिंगचा घोळ असल्याच्या खुणा दोन-तीन आहेत.

आधी दिव्याचं बघू, कारण सगळे तिथेच फसतात. तो दिवा फक्त एवढंच सांगतो की केबलच्या दोन्ही टोकांना एकमेकांचा सिग्नल मिळतोय. कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि कार्ड यांचं आपसात बोलणं चालू आहे की नाही हे त्याला माहीतच नसतं. ते बोलणं होतं मेमरीतल्या एका गोल रांगेतून, तिला रिंग म्हणतात. ड्रायव्हर पाठवायचं पॅकेट कुठे ठेवलंय ते त्या रिंगमध्ये लिहून ठेवतो, कार्ड ते स्वतः मेमरीतून उचलतं, तारेवर सोडतं आणि इंटरप्ट, म्हणजे लक्ष वेधणारा इशारा, देऊन सांगतं की झालं काम, जागा मोकळी करा. आता कार्डाने उचललंच नाही किंवा इंटरप्ट पोचलाच नाही तर रिंग भरते, कर्नल क्यू, म्हणजे पाठवायची रांग, थांबवतो आणि सगळं जागच्या जागी. यावर लक्ष ठेवायला वॉचडॉग असतो, क्यू ठरावीक सेकंद (ड्रायव्हरने वेगळं काही सांगितलं नसेल तर ५) हललीच नाही की तो ओरडतो आणि ड्रायव्हरला कार्ड रीसेट करायला लावतो. तुमच्या लॉगमधली ओळ म्हणजे हेच. खालच्या पानभर आकड्यांना घाबरू नका, ती ट्रेस आहे, त्या वेळी कर्नल कुठे होता एवढंच त्यात असतं.

'एकदा दिसलं' असं तुम्ही लिहिलंय त्यावरून सांगतो, बऱ्याच कर्नलमध्ये ती लांबलचक ट्रेस बूट झाल्यापासून एकदाच छापतात, प्रकार नंतर वीसदा घडला तरी पुन्हा येत नाही. म्हणून नुसत्या लॉगवर विसंबू नका, 'आयपी एस लिंक' किंवा 'ईथटूल' या कमांडची आकडेवारीही बघा. तिथे सीआरसी एरर (वाटेत बिघडून आलेली पॅकेट) वाढत असतील तर केबल किंवा समोरचं पोर्ट बदलून बघायचं, मग ड्रायव्हरच्या मागे लागण्यात अर्थ नाही. सीआरसी शून्य आणि क्यू मात्र अडकलेली, तर संशय मशीनच्या आत. नेटवर्क अडकलेलं असतानाच 'प्रॉक'मधली इंटरप्ट्सची फाइल काही सेकंदांच्या अंतराने दोनदा बघा आणि कार्डाच्या ओळीतला आकडा हलतोय का ते तपासा. ढिम्म असेल तर इंटरप्टच येत नाहीयेत, हे नीट लिहून ठेवा, पुढे फार उपयोगी पडतं.

यानंतर सगळ्यात महत्त्वाची टेस्ट, आणि ती फुकट आहे. बूट मेनूमधून जुना कर्नल निवडा, बहुतेक ठिकाणी आधीचा एखादा ठेवलेला असतो. त्याच्यावर तीच मोठी फाइल, तीच केबल, तेवढाच वेळ. जुन्यावर दिवसभर नीट चाललं आणि नव्यावर परत अडकलं तर कार्ड शाबूत आहे, कर्नलमध्ये काहीतरी बदललंय. कार्ड बदलायचा निर्णय या टेस्टच्या आधी कोणीच घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

रियलटेकच्या या कुटुंबातल्या कार्डांवर मी पहिला संशय पीसीआय एक्सप्रेसच्या पॉवर सेव्हिंगवर घेतो, म्हणजे एएसपीएम. काम नसताना लिंक झोपते आणि काही मदरबोर्डांवर वेळेत उठत नाही. इथे एक बारीक गोष्ट आहे जी बरेच सल्ले देणारे सांगत नाहीत. 'पीसीआयई एएसपीएम ऑफ' हा बूट पर्याय दिला की एएसपीएम बंद होतं असं सगळ्यांना वाटतं, पण त्याचा अर्थ कर्नल त्याला हातच लावणार नाही, बायोसने जे चालू ठेवलंय ते तसंच राहील! खरंच बंद करायचं तर पॉलिसी 'परफॉर्मन्स' करा किंवा बायोसमध्ये जाऊन बंद करा. मग ईईई, म्हणजे इथरनेटचं स्वतःचं पॉवर सेव्हिंग, ते ईथटूलने बंद होतं. त्यानंतर टीएसओ, मोठे तुकडे कार्डाकडूनच कापून घ्यायची सोय, मोठ्या फाइललाच अडकतंय म्हटल्यावर हेही बघायलाच हवं. ईथटूलने केलेले बदल रीस्टार्टनंतर उडून जातात त्यामुळे बिनधास्त करून बघा, फक्त एका वेळी एकच बदल करा, तिन्ही एकदम बंद केलेत आणि चाललं तर दोषी कोण ते कधीच कळणार नाही.

आणि लॉगमध्ये ज्या ड्रायव्हरचं नाव आलंय तोच गुन्हेगार असं धरून चालू नका. २००८ मध्ये २.६.२७ कर्नलच्या चाचणी आवृत्त्यांवर इंटेलच्या ई१०००ई ड्रायव्हरवर चालणाऱ्या कार्डांची आतली कायमची मेमरीच बिघडायला लागली, कार्डं खरोखर निकामी होत होती. सगळ्यांचं बोट ड्रायव्हरकडे. शेवटी निघालं काय, तर एफट्रेस नावाची कर्नलचीच वेगळी सोय, जी मोकळ्या झालेल्या कोडच्या पत्त्यावर लिहीत होती आणि तोवर त्या पत्त्यावर कार्डाची मेमरी येऊन बसलेली होती. ड्रायव्हर बिचारा फुकट बदनाम झाला.

वरच्या एखाद्या बदलाने थांबलं तर तो कायमचा करून ठेवा, पण तिथेच सोडू नका, कर्नलच्या सोर्समधल्या 'मेंटेनर्स' फाइलमध्ये या ड्रायव्हरचं कोण बघतं ते दिलेलं असतं, त्यांना कळवा. कार्डाचा आयडी (रियलटेकचा १०ईसी ने सुरू होतो), कोणता कर्नल चांगला, कोणता वाईट, कोणत्या बदलाने थांबलं आणि पूर्ण लॉग, फोटो नाही, टेक्स्ट. वेळ असेल तर गिट बायसेक्ट करा, म्हणजे नेमका कोणत्या बदलाने बिघडलं ते शोधा. दोन कर्नलमध्ये दहा-पंधरा हजार बदल असतात हे ऐकून लोक हबकतात, पण दर वेळी अर्धे गाळले जात असल्याने साधारण १४ वेळा कर्नल बनवून दोषी बदल हातात येतो. कंटाळवाणं आहे, मान्य. पण ज्याच्याकडे बिघडणारं मशीन आहे तोच हे करू शकतो, ड्रायव्हर लिहिणाऱ्याकडे तुमचा मदरबोर्ड नसतो.

प्रश्न: याच त्रासाला कंटाळून मी कंपनीचा आर८१६८ ड्रायव्हर टाकला. छान चाललं. आता कर्नल अपडेट झाला आणि नेटवर्क कार्ड गायबच!

उत्तर: कार्ड जागेवरच आहे, त्याला ड्रायव्हर उरलेला नाही. 'एलएसपीसीआय' ला 'एनएनके' पर्याय देऊन बघा, कार्डाची ओळ दिसेल आणि खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नसेल.

बाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी नव्याने कंपाइल व्हावा लागतो. ते काम डीकेएमएस करतं, पण नव्या कर्नलचे हेडर्स (कंपाइल करायला लागणाऱ्या फाइली) नसतील तर ते अडतं, आणि कर्नलच्या आतले फंक्शन बदलत असतात त्यामुळे जुना सोर्स नव्यावर कंपाइलच होत नाही असंही होतं. सिक्युअर बूट चालू असेल तर मॉड्यूल तयार होऊनही सही नसल्यामुळे नाकारलं जातं, लॉगमध्ये की रिजेक्टेड असं येतं. आता खरी गोम बघा, तो ड्रायव्हर टाकताना आर८१६९ ला ब्लॅकलिस्ट करणारी एक फाइल 'मॉडप्रोब.डी' फोल्डरमध्ये पडते, आणि ती तशीच राहते. म्हणजे बाहेरचा लोड होत नाही, घरच्याला बंदी. ती फाइल काढा, इनिट्रॅमएफएस (बूट होताना सगळ्यात आधी लोड होणारा फाइलींचा गठ्ठा) पुन्हा बनवा, रीस्टार्ट करा, नेटवर्क येईल. तोपर्यंत काही डाउनलोड करायचं असेल तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा.

बाहेरचा ड्रायव्हर शेवटचा उपाय म्हणून ठीक आहे, पण तो लोड असताना कर्नल 'टेन्टेड', म्हणजे डागाळलेला, होतो, ट्रेसमध्ये त्या शब्दापुढे ओ अक्षर येतं, आणि तसा लॉग पाठवलात तर बघणारा आधी तो काढून परत टेस्ट करा म्हणणार, जे बरोबरच आहे.

प्रश्न: बूट होताना फर्मवेअर लोड फेल्ड, एरर -२ असं येतं पण नेट चालतं. दुर्लक्ष करू का?

उत्तर: नका करू. -२ म्हणजे फर्मवेअरची (कार्डाच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) फाइल सापडली नाही, बाकी काही नाही. रियलटेकची बरीच कार्डं फर्मवेअरशिवायही चालतात पण लिंक कधी कधी अस्थिर होते आणि मग माणूस भलतीकडेच शोधत बसतो. तुमच्या डिस्ट्रोचं लिनक्स फर्मवेअर पॅकेज टाका. डेबियनमध्ये ही पॅकेजं वेगळ्या विभागात असतात, २०२३ च्या डेबियन १२ पासून इन्स्टॉलरमध्येच येतात, त्याआधीचं असेल तर तो विभाग हाताने चालू करावा लागतो. पॅकेज टाकल्यावर इनिट्रॅमएफएस परत बनवायला विसरू नका, ड्रायव्हर तिथूनच लोड होत असेल तर नवी फाइल त्याला दिसणारच नाही आणि तीच ओळ पुन्हा येईल.