पद्मश्री हा 'किताब' नव्हे हो!

एकांनी विचारलंय की 'पद्मश्री किताब' बरोबर, 'पद्मश्री पदवी' बरोबर की 'पुरस्कार', आणि तो भारतीय नागरिकालाच मिळतो का. पुरस्कार म्हणा, सन्मान म्हणा, किताब तेवढं म्हणू नका. पदवी विद्यापीठ देतं, विषय संपला. दर २६ जानेवारीला "पद्मश्री किताबाने गौरव" ऐकून कान किटलेत, आणि फ्लेक्सवर नावाआधी 'पद्मश्री' ठोकलेलं असतं ते आणखी वेगळंच.

आता खरी मजा. आमच्याकडचे एक रिटायर्ड मास्तर छातीठोकपणे सांगतात की किताब म्हणजे पुस्तक, मानाची सनद कागदावर लिहून मिळायची म्हणून मानालाच किताब म्हणायला लागले. साफ चूक! हा किताब मुळात खिताब. अरबीत खिताब म्हणजे समोरच्याला उद्देशून बोलणं, म्हणजे जवळजवळ हाकच. खुतबा (मशिदीतलं प्रवचन) त्यातलाच, तो वाचणारा खतीब (कोकणात आडनाव आहे की), गझलवाल्यांचं मुखातिब (समोरच्याशी बोलणारा) पण त्यातलंच. पुस्तकाच्या किताबाचं घराणं कातिब (लेखनिक), मकतब (शाळा) वगैरे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. ख चा क कसा झाला? सख्तचं सक्त झालं ना, सक्तमजुरीतलं, आणि तख्त्याचा तक्ता? तसाच. मास्तर म्हणणार की तिथे ख ला त जोडलेला आहे, इथे कुठे. नसू दे, पुस्तकवाल्या किताबाने शेजारून ओढला असेल, पण म्हणून अर्थ पुस्तकातून आला असं होत नाही.

आणि हे नुसतं शब्दांचं खूळ नाही. राज्यघटनेच्या मराठी अनुवादात १८व्या अनुच्छेदाचा मथळाच 'किताब नष्ट करणे' असा आहे. सैन्यातले आणि विद्येचे सोडून सरकारने किताब द्यायचे नाहीत, नागरिकाने परक्या देशाचेही घ्यायचे नाहीत, म्हणजे रावबहादूर, रावसाहेब, दिवाणबहादूर सगळे घरी. मग १९५४ पासून भारतरत्न आणि पद्म कसे काय? हेच भांडण सुप्रीम कोर्टात गेलं, बालाजी राघवन खटला, १९९५ चा निकाल: हे किताब नाहीत, सबब चालतील, पण नावाच्या पुढेमागे लावायचे नाहीत, लावले तर काढूनही घेता येतील. बघा म्हणजे! जे लावून हाक मारता येते तो किताब, नाहीतर नुसता सन्मान. निकालात अरबी शोधायला जाऊ नका, पण कसोटी खिताबाचीच आहे असं माझं ठाम मत.

'सर रतन टाटा' हे फॉरवर्ड तर मी आता उघडतच नाही. 'सर' होते ते जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, १९१६ साली, ट्रस्टच्या नावातले सर तेच. आपल्या काळातल्या रतन टाटांना ब्रिटनने २०१४ साली जीबीई (नाइटहुडच्या दर्जाचा सन्मान) दिला तो मानद, कारण ते भारताचे नागरिक, तिथल्या राणीचे प्रजाजन नव्हेत, आणि मानदवाल्याला 'सर' लावता येत नाही. सन्मान मिळाला, हाक नाही मिळाली.

पूर्वी किताबाच्या मागे काहीतरी वजनदार असायचं, नागपूरकर भोसल्यांच्या सेनासाहेबसुभा या किताबामागे फौज आणि मुलूख होता. संस्थानिकांचे तनखे आणि सरकारी मान्यता १९७१ च्या २६व्या घटनादुरुस्तीने गेली, तरी गावाकडे 'महाराज' सुटत नाही ते सोडा. पद्मश्रीला ना रोख रक्कम, ना रेल्वेत सवलत, ना कायद्यात जादा हक्क.

हां, नागरिकत्वाचं राहिलंच. अट नाही. खान अब्दुल गफारखान (१९८७) आणि मंडेला (१९९०) यांना तर भारतरत्नच दिलंय.

आणि 'हिंदकेसरी किताब' खुशाल म्हणा. हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे असंच लोक म्हणत आले, तो किताब आखाड्यातला, सरकारने दिलेला नाही, त्याला १८वा अनुच्छेद आडवा येत नाही.