निरभ्र आभाळ? अहो, आभाळ म्हणजेच ढग!

प्रश्न असा आलाय. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून सकाळी काढलेल्या फोटोखाली एका ताईंनी लिहिलं, ‘हिवाळ्यातलं निरभ्र आभाळ, वसंताची चाहूल लागायची वाट बघतंय.’ तर त्यांच्या जुन्नरकडच्या सासूबाई म्हणाल्या, “अगं आभाळ कुठंय, सगळं कोरडं तर आहे.” आता कोण बरोबर? आणि चाहूल का चाहुल, हेही विचारलंय.

सासूबाई बरोबर. शंभर टक्के.

हे ‘निरभ्र आभाळ’ दर डिसेंबरात कानावर पडतं, फोटोंखाली, निवेदनांत, शाळेच्या निबंधांत, आणि दरवेळी मला खटकतं. निरभ्र म्हणजे निर् अधिक अभ्र, ज्यात अभ्र नाही ते. अभ्र म्हणजे ढग. आणि आभाळ कुठून आलं? त्याच अभ्रातून! अभ्रचं प्राकृतात अब्भ झालं आणि त्यातूनच आपलं आभाळ. म्हणजे ‘निरभ्र आभाळ’ म्हणजे बिनढगांचे ढग. गावाकडे अजून कुणीही ‘आभाळ आलंय’ म्हणतं तेव्हा आकाश कुठून तरी चालत आलं असं त्याला म्हणायचं नसतं, ढग आलेत एवढंच. आणि ते हिवाळ्यात आले तर ती वाईट बातमी असते, आभाळ आलं की हरभऱ्यावर घाटेअळीची धास्ती, द्राक्षवाल्याला भुरीची, आंब्याच्या मोहोराला तुडतुड्यांची. सासूबाईंच्या ‘आभाळ कुठंय’मध्ये हे सगळं आहे, ती चूक नाही, तो शब्द त्यांनी जपून ठेवलाय.

या अभ्रचा गोतावळा मोठा आहे. फारसीत अब्र म्हणजे ढग, लॅटिनमध्ये इम्बर म्हणजे पाऊस, ग्रीकमध्ये ओम्ब्रोस म्हणजे पाऊस, सगळे एकाच घरातले, आणि आपला अभ्रकही तिथलाच. म्हणूनच ‘अप् म्हणजे पाणी, ते धारण करतं ते अभ्र’ ही शास्त्रीबुवांची फोड मला अजिबात मान्य नाही. ऐकायला गोड आहे, पण संस्कृतात फोड जमली म्हणून शब्द तसा जन्मला असं होत नाही, इराणातल्या आणि रोममधल्या चुलतभावांना विचारायला नको का? तीच गत ‘न भाति ते नभ’ची, म्हणे जे प्रकाशत नाही ते नभ. नभस् म्हणजे मुळात धुकं, ढग. लॅटिनमधलं नेबुला, ज्यावरून तेजोमेघांना नेब्युला म्हणतात, ते याचंच भावंड. आणि बाहेर कशाला जायचं, आपल्या वैदिक महिन्यांत श्रावणाचं नावच नभस् आहे आणि भाद्रपदाचं नभस्य! ढगांचे दोन महिने, त्यांना ढगांचीच नावं. याहून वेगळा पुरावा काय पाहिजे?

आता राहिलं आकाश. हा माझा लाडका शब्द. आ अधिक काश्, काश् म्हणजे चमकणं, तोच प्रकाशातला काश. म्हणजे आभाळ आणि नभ हे पावसाळ्याचे शब्द आणि आकाश हा थंडीचा, असं माझं ठाम मत आहे. शाळेच्या पुस्तकांत समानार्थी म्हणून आकाश, नभ, गगन, अंबर, आभाळ एका ओळीत बसवतात ना, तिथेच हा फरक मरतो. पाच शब्द पाठ होतात आणि एकही कळत नाही. बरं, ‘आभाळ ठेंगणं झालं’ किंवा ‘आभाळाएवढी माया’ म्हणताना ढग मनात नसतात हे मला माहितीये, अर्थ पसरतात, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्याच्यामागे निरभ्र लावायला.

पटत नसेल तर जानेवारीत रात्री दहाच्या सुमारास गच्चीवर जा. ऑक्टोबरात मोसमी वारे माघारी गेले की आपल्याकडे ईशान्येचा, जमिनीवरून येणारा कोरडा वारा लागतो, बाष्प कमी, त्यामुळे पुण्याच्या दिव्यांतूनही बरंच दिसतं. मृगाचे ते तीन तारे एका रेषेत दिसतील, रेषा खाली वाढवली की व्याध, वर वाढवली की लालसर रोहिणी आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा झुबका. मग दक्षिणेकडे वळा, समोरच्या इमारतीने अडवलं नसेल तर खाली अगस्त्य दिसेल. पुण्यातून तो क्षितिजापासून 19 अंशांच्या वर कधी जातच नाही, म्हणून त्याला बघायला जरा मोकळी दक्षिण शोधावी लागते. व्याध सगळ्यांत तेजस्वी तारा, अगस्त्य दुसऱ्या नंबरचा, दोघंही एकाच वेळी समोर. हे आभाळ नाही हो, हे आकाश.

आणि ते ‘वाट बघतंय’ पण मला पटलं नाही. बर्फाच्या देशात झाडं महिनोन्‌महिने थांबतात, आपल्याकडे कुठे थांबतात? टेकडीवरच बघा, गिरिपुष्पाच्या निष्पर्ण फांद्यांना जानेवारीतच फिकट गुलाबी फुलं लागायला लागतात, मग पांगारा, काटेसावर, पळस, सगळे पानं टाकून फुलतात. पानगळ आणि बहर एकाच फांदीवर. शिशिर संपायची वाट बघायची गरजच पडत नाही, वसंत त्याच्या आतच सुरू झालेला असतो.

तर ताई, फोटोखाली ‘निरभ्र आकाश’ करा, किंवा नुसतं ‘आकाश’ ठेवलंत तरी चालेल. चाहूल दीर्घच, चाहुलीने म्हणताना मात्र हु ऱ्हस्व. आणि सासूबाईंना विचारून कळवा, त्यांच्याकडे पातळ, विरळ ढगांना काय म्हणतात.