आधी अंडी मोज

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. माणसाचा क्लोन, म्हणजे कुणाच्या तरी एका पेशीपासून बनवलेली त्याच जनुकांची दुसरी व्यक्ती, कुठेतरी जन्माला आलाय आणि जगापासून दडवून ठेवलाय असं जे फिरतंय, ते खरं का, हा तुझा पहिला प्रश्न. आणि पीएचडीच्या मुलाखतीत मानवी क्लोनिंगच्या नैतिकतेवर विचारलं तर काय बोलायचं, हा दुसरा. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू नुसतं 'हो मॅडम, हो मॅडम' करतेस आणि मग स्वतःला हवं तेच करतेस. म्हणून लिहायला बसले.

अफवांचं आधी उरकून टाकू. त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या कितीतरी आधीपासूनच्या आहेत. १९७८ साली एका अमेरिकन पत्रकाराने अख्खं पुस्तक लिहिलं, की एका श्रीमंत माणसाचा क्लोन जन्मला आणि मी त्या सगळ्याचा साक्षीदार आहे. ज्याच्या संशोधनाचा आधार त्यात घेतला होता, त्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दावा लावला आणि कोर्टाने ते पुस्तक म्हणजे थाप ठरवलं. मग २००२ च्या डिसेंबरात 'क्लोनेड' नावाच्या कंपनीच्या ब्रिजित ब्वासलिए यांनी पत्रकार परिषद घेतली, की 'ईव्ह' नावाची पहिली क्लोन मुलगी जन्माला आली. माणूस परग्रहवासीयांनी घडवला असं मानणाऱ्या राएलियन पंथाची ही कंपनी. डीएनए तपासणीची व्यवस्था बघायला एक विज्ञानपत्रकार नेमला. दहाएक दिवसांत त्याने अंग काढून घेतलं, कारण त्याला त्या कुटुंबापर्यंत पोहोचूच दिलं नाही. त्याच सुमारास इटलीतले डॉक्टर सेवेरिनो अँटिनोरीही क्लोन गर्भधारणेचे दावे करत होते. बाळ कुणीच दाखवलं नाही.

क्लोन आहे की नाही हे ठरवायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. ज्याची पेशी घेतली त्याचं आणि बाळाचं थोडं थोडं रक्त एखाद्या त्रयस्थ लॅबमध्ये दिलं की झालं. बाळाच्या खासगीपणाचं कारण पुढे केलं जातं. मला ते पटत नाही. पत्रकार परिषद घेताना तो खासगीपणा कुठे गेला होता?

आता होऊ शकतं का, तर तत्त्वतः होऊ शकतं. स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये ५ जुलै १९९६ ला डॉली ही मेंढी जन्मली, ती सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतल्या पेशीपासून. पेशीचं केंद्रक, म्हणजे जनुकं असलेला गाभा, आधी स्वतःचं केंद्रक काढलेल्या अंड्यात घालायचं, ही ती पद्धत. २०१३ मध्ये अमेरिकेत ओरेगॉनला शुख्रात मितालिपोव्ह यांच्या गटाने या पद्धतीने मानवी भ्रूण बनवून त्यातून मूलपेशी, म्हणजे शरीरातल्या कुठल्याही प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा पेशी, काढल्या. भ्रूण गर्भाशयात ठेवला नाही. २०१८ च्या जानेवारीत शांघायहून झोंग झोंग आणि हुआ हुआ या दोन माकडिणींची बातमी आली. आपण ज्या गणात मोडतो त्याच गणातले हे प्राणी, तेव्हा 'माणसात हे शक्यच नाही' असं छातीठोकपणे सांगण्याची सोय राहिली नाही.

पण बातमीतल्या 'दोन' या आकड्याखाली बघ. ७९ भ्रूण, ते वाढवायला २१ माद्या, त्यातल्या ६ गाभण राहिल्या आणि २ पिल्लं जगली. तीही गर्भातल्या पेशींपासूनची. प्रौढ माकडाच्या पेशी घेऊन केलेल्या प्रयत्नात ४२ माद्या वापरल्या, दोन पिल्लं जन्मली आणि दोन्ही लगेच गेली. डॉलीच्या वेळी केंद्रक घालून जुळवलेली अंडी २७७ होती. त्यातून २९ भ्रूण तयार झाले, ते १३ मेंढ्यांत ठेवले, आणि कोकरू झालं एक.

म्हणून क्लोनिंगबद्दल काहीही वाचलंस की आधी अंडी मोज. ती कुठून आली, किती आली, कुणाच्या पोटातून आली.

आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत म्हशींचं क्लोनिंग होतं. 'हँड गायडेड' म्हणतात त्या पद्धतीला. अंडं हाताळणारं महागडं यंत्र, मायक्रोमॅनिप्युलेटर, नाही. सूक्ष्मदर्शकाखाली, हातात बारीक पातं धरून, अंड्याचा केंद्रक असलेला भाग कापून बाजूला काढायचा, उरलेल्या भागाला दुसऱ्या प्राण्याची पेशी चिकटवायची आणि विजेचा हलका झटका द्यायचा. एकदा बघच, हात थरथरला की अंडं गेलंच. २००९ च्या फेब्रुवारीत तिथे पहिलं पारडू झालं, समरूपा. पाचसहा दिवसांत गेलं. जूनमध्ये गरिमा झाली, ती दोन वर्षं जगली. मग गरिमा-२ झाली आणि तिला पुढे क्लोन नसलेलं पारडूही झालं. या कामाला अंडी कुठली? कत्तलखान्यातून आणलेल्या बीजांडकोशांतली. शंभर वाया गेली तरी कुणी हिशोब मागत नाही.

बाईचं अंडं तसं मिळत नाही. दहा-बारा दिवस रोज पोटात हार्मोनचं इंजेक्शन, एक दिवसाआड सोनोग्राफी, मग भूल देऊन योनिमार्गातून लांब सुई बीजांडकोशापर्यंत. काहींचं पोट पाण्याने टम्म फुगतं, श्वास लागतो, अ‍ॅडमिट करावं लागतं. आपल्या २०२१ च्या एआरटी, म्हणजे सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या, कायद्यानुसार बाईला आयुष्यात एकदाच अंडी दान करता येतात आणि तेव्हाही सातपेक्षा जास्त काढायची नाहीत. डॉलीची २७७ अंडी या हिशोबाने लाव. एका बाळासाठी चाळीस बायका, वर गर्भ वाढवायला तेरा. त्यातले गर्भपात, मोठ्या आकाराची गुदमरलेली बाळं, जन्मून पाच दिवसांनी जाणारी बाळं ही कुणाच्या मांडीवर द्यायची? वक्तृत्व स्पर्धेत पोरं 'हिटलरचे दहा क्लोन झाले तर' म्हणून टाळ्या घेतात. माझी काळजी या चाळीस बायकांची आहे.

ही काही काल्पनिक काळजी नाही. दक्षिण कोरियातल्या सोल राष्ट्रीय विद्यापीठाचे शास्त्रज्ञ ह्वांग वू-सुक यांचं प्रकरण तू नीट वाच, कारण ते तुझ्यासारख्या मुलींचं प्रकरण आहे. क्लोन केलेल्या मानवी भ्रूणातून मूलपेशी काढल्याचा दावा त्यांनी २००४ मध्ये केला. २००५ मध्ये तर अकरा पेशीमालिका (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेले मूलपेशींचे संच), त्याही रुग्णांच्या स्वतःच्या, असं म्हणाले. देशाने डोक्यावर घेतलं. चाकाच्या खुर्चीतून उठणाऱ्या माणसाचं चित्र असलेलं टपाल तिकीट निघालं. पहिल्या शोधनिबंधात १६ बायकांची २४२ अंडी लिहिली होती. चौकशीत निघालं की शंभराहून जास्त बायकांची दोन हजारांवर अंडी या सगळ्यात खर्ची पडली होती. काहींना पैसे दिले होते. आणि दोन अंडीदात्या त्यांच्याच लॅबमधल्या कनिष्ठ संशोधक होत्या.

जरा इथे थांब. तुझा गाइड, तुझं फेलोशिपचं पत्र त्याच्या सहीवर, तुझं नाव पेपरवर कितवं येणार ते त्याच्या मनावर. प्रयोग अडलाय अंड्यांवाचून. कुणी तुला जबरदस्ती करणार नाही. नुसतं लॅब मीटिंगमध्ये अंडी कमी पडतात असं चारदा बोललं जाईल. अशा वेळी 'मी स्वखुशीने दिली' या वाक्याला काय अर्थ उरतो?

गंमत म्हणजे ते प्रकरण बाहेर काढण्यातही तरुणांचाच हात होता. एका टीव्ही कार्यक्रमाने प्रश्न विचारले तर लोक त्या वाहिनीवरच तुटून पडले, जाहिरातदार पळाले, हजारावर बायकांनी अंडी द्यायची तयारी दाखवली. पण २००५ च्या डिसेंबरात तिथल्या तरुण संशोधकांच्या ऑनलाइन मंचावर कुणीतरी निनावी दाखवून दिलं, की वेगवेगळ्या पेशीमालिका म्हणून छापलेले फोटो एकच आहेत. त्यांनी फक्त शोधनिबंधाची पुरवणी उघडून फोटो शेजारी शेजारी ठेवले होते. जानेवारी २००६ मध्ये विद्यापीठाने दोन्ही निबंध बनावट ठरवले. ह्वांग यांचा स्नपी नावाचा कुत्रा मात्र खरोखर क्लोन निघाला. ज्याला इतकं जमत होतं त्याने हे का करावं, हे मला अजून उलगडत नाही.

त्याच वर्षी जपानमध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशीत चार जनुकं घालून ती मूलपेशीसारखी करून दाखवली, पुढच्या वर्षी माणसाची. २०१२ ला त्यांना नोबेल मिळालं. या वाटेत बाईच्या अंड्याची गरजच नाही. उपचारासाठी मूलपेशी हव्यात म्हणून क्लोनिंग हवंच, या युक्तिवादातली बरीचशी हवा त्याने काढून घेतली.

गेलेलं मूल परत मिळवण्याचं म्हणशील, तर टेक्सासची सीसी मांजर आठव. तिची मूळ मांजर तिरंगी होती. २००१ च्या डिसेंबरात जन्मलेली सीसी निघाली पांढरी, करड्या पट्ट्यांची. जनुकं तीच, अंग वेगळं. माणसाचा झेरॉक्स काढून देतो म्हणणाऱ्याला मांजरीचा रंगसुद्धा जुळवता येत नाही.

मुलाखतीत 'विज्ञान शाप की वरदान' छाप बोलू नकोस. आपल्याकडे आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार क्लोन करून मूल जन्माला घालण्याला बंदी आहे आणि प्रयोगशाळेत मानवी भ्रूण १४ दिवसांपलीकडे वाढवता येत नाही, एवढं पाठ असू दे. पुढचं आकड्यांवर बोल. आणि मुलाखत संपताना 'तुम्हाला काही विचारायचंय का' असं म्हणतीलच. तेव्हा विचार, की या लॅबमधल्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या शरीरातले नमुने देण्याबद्दल काय नियम आहे आणि तक्रार कुणाकडे करायची. समोरच्याने कपाळाला आठी घातली तर ती लॅब सोडून दे, दुसऱ्या जागा मी सुचवीन.

ह्वांग प्रकरणातल्या सोल विद्यापीठाच्या अहवालाचं इंग्रजी भाषांतर माझ्याकडे आहे. रविवारपर्यंत मेल करते. वाचून झालं की फोन कर, आणि या वेळी 'हो मॅडम' नको, कुठे पटलं नाही ते सांग.

तुझी,
मॅडम