आजोबांना काही झालं नाही, म्हणून बाबांना होणार नाही?

ताई, तुम्ही लिहिलंय की आजोबा 90 वर्षांपर्यंत तंबाखू खाऊन ठणठणीत होते, वडिलांना मात्र 52व्या वर्षीच गालात पांढरा चट्टा आलाय. तर आधी जनुकीय चाचणी करावी का? वाचून पोटात गोळाच आला. आम्ही निपाणीकडचे. आजोबा, बाबा दोघंही तंबाखूच्या वखारीत. आमच्याही घरात अगदी हेच झालं.

मी डॉक्टर नाही. पण त्या चाचणीच्या नादी लागू नका. आम्ही लागलो. एका खासगी लॅबचा माणूस घरी येऊन थुंकी घेऊन गेला. रिपोर्टात तोंडाच्या कॅन्सरपुढं हिरवा चौकोन, 'धोका सरासरीपेक्षा कमी'. बाबांनी तो कागद घडी घालून चुन्याच्या डबीबरोबर बंडीच्या खिशात ठेवला आणि वखारीत सगळ्यांना दाखवला. पैसे मीच भरले होते, त्यामुळं 'तरी एकदा दाखवून घ्या' म्हणायला माझी जीभ रेटेना. आठ महिने गेले. डावा जबडा काढावा लागला. लॅबला फोन केला तर म्हणे, अटी शेवटच्या पानावर आहेत, वाचायच्या होत्या! अजून संताप होतो.

जनुकांचा वाटा असतोच. काहींचं शरीर तंबाखूतल्या विषाचा लवकर निचरा करतं, काहींच्या शरीरात तेच विष जास्त घातक होतं. 2008 मध्ये पंधराव्या गुणसूत्रावरच्या निकोटिनशी निगडित जनुकांचा फुप्फुसाच्या कॅन्सरशी संबंध दिसला. त्यातल्या काही प्रकारांमुळं व्यसनही घट्ट बसतं. पण 'खा, तुला काही होत नाही' असं सांगणारं जनुक अजून कुणाला सापडलेलं नाही. आजोबा वाचले ते सगळ्यांना दिसतात. त्यांच्याच वखारीतले जे पन्नाशीत गेले, त्यांचं नाव कोण काढत नाही.

चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नसेल तर उद्याच दाखवा, डॉक्टर बायोप्सी, म्हणजे चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासायचा, म्हणाले तर मागं-पुढं बघू नका. तोंडात तीन बोटं उभी जात नसतील तर तेही सांगा. सुपारी खात असतील तर तीही बंद. तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीनंही कॅन्सर होतो. आई मशेरी लावत असतील तर त्यांचंही तोंड त्याच दिवशी तपासून घ्या. सोडायला मदत हवी तर 1800-11-2356 हा सरकारी नंबर फुकट आहे. आणि आमच्यासारखं कर्नाटकातल्या सरकारी दवाखान्यात जाणार असाल तर कन्नड वाचणारं कुणीतरी बरोबर न्या, आमची एक तारीख केसपेपर न कळल्यानं चुकली होती.