मंगळावर हवा कुठून आली?

प्रश्न : मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. विज्ञानकथा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे नारळीकरच येतात. भाचीने वाढदिवसाला एडगर राइस बरोज यांची 'अ प्रिन्सेस ऑफ मार्स' दिली. नायक ॲरिझोनातल्या गुहेतून थेट मंगळावर! ना यान, ना इंधन. वर तिथे आरामात श्वास घेतो. चौथ्या प्रकरणात पुस्तक मिटलं. आता भाचीला काय सांगू?
– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : सर, भाचीला एवढ्यात काही सांगू नका.

यानाबद्दलची तुमची तक्रार रास्त आहे. मंगळावर जायचं कसं, यात बरोजना रसच नाही. पण पोहोचल्यावर ते तुमच्याच विषयात शिरतात. तिथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या साधारण 38 टक्के. नायक जॉन कार्टर चालायला जातो तो उडतो आणि तोंडावर आपटतो. पुन्हा उठतो, पुन्हा आपटतो, शेवटी हा लढवय्या कॅप्टन चक्क रांगायला लागतो! नववीच्या वर्गात वजन-वस्तुमान शिकवताना हा उतारा खुशाल वाचून दाखवावा. पुढे याच उड्या त्याला वाचवतात.

हवेचंही उत्तर पुस्तकात आहे, तुम्ही तिथवर गेला नाहीत. विरळ होत चाललेलं वातावरण टिकवायला मंगळवासीयांनी हवेचा कारखाना काढलाय. कालवे आटत चाललेला, मरू घातलेला मंगळ ही कल्पना तेव्हा पर्सिव्हल लॉवेल यांच्यासारखे खगोलनिरीक्षक गंभीरपणे मांडत होते. 1965मध्ये मरिनर-4 या यानाने मंगळावरच्या विवरांचे फोटो पाठवले आणि कालव्यांचा विषय संपला. कथा त्याच्या कितीतरी आधीची, 1912ची.

ती आली 'ऑल-स्टोरी' या स्वस्त कागदावरच्या मासिकात, क्रमशः. पुढच्या अंकाची ओढ लागावी म्हणून नायकाला सतत कुठल्या तरी पेचात ठेवलंय. एका बैठकीत संपवायला गेलात तर तोच तो मारामारीचा मसाला अजीर्ण होईल. मी ऐरोलीची, ठाणे-वाशी गाडीत जागा मिळाली की एक प्रकरण, आणि पुस्तक पिशवीत. तसंच वाचा.

(गंमत म्हणजे बरोजनी ही कथा टोपणनावाने दिली होती, आणि मासिकाने तेही चुकीचं छापलं. तुमच्या नारळीकरांनीही 1974मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप होऊन.)

खटकेल ते सांगते. सुरुवातीला अपाची लोक (अमेरिकेतले मूलनिवासी) नुसते क्रूर शत्रू म्हणून येतात आणि राजकन्येला वारंवार सोडवावं लागतं. त्यावर उतारा म्हणून सी. एल. मूर या लेखिकेची 'शॅम्ब्लो' (1933) वाचा. मंगळ तोच, पण इथला रांगडा नायक एका अनोळखी स्त्रीला जमावापासून वाचवतो आणि मग त्यालाच वाचवायची पाळी येते. ई. ई. स्मिथ यांचं 'द स्कायलार्क ऑफ स्पेस' लोक फार वाखाणतात. मला त्यातली माणसं लाकडी वाटतात. तुम्हाला यंत्रांसाठी आवडेलही.

बरोजचं पहिलं पुस्तक ऐन संकटात संपतं, तेव्हा पुढचा भाग 'द गॉड्स ऑफ मार्स' हाताशी ठेवा. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट आहे.