परदेशात नोकरी सांभाळून ग्लायडर उडवायच्या जागा कशा शोधायच्या?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही इंदूरचे, पुण्यात शिकत असताना हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला ग्लायडरवर, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानावर, सोलोपर्यंत (एकट्याने उडवण्यापर्यंत) पोचलात, आणि आता कंपनी दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवते आहे. मधूनमधून इंग्लंडच्या ऑफिसातही जावं लागेल. मीही इंदूरचीच, राजेंद्र नगरची. हडपसरलाच शिकले, नंतर चार वर्षं स्टुटगार्टच्या बाजूला नोकरी केली आणि गेल्या वर्षी इंदूरला परत आले. माझा तिथला पहिला उन्हाळा पूर्ण वाया गेला. तुमचा जाऊ नये म्हणून जरा लांबलचक लिहिते.

मी जूनमध्ये पोचले आणि इंटरनेटवर जे पहिलं सापडलं तिथे पैसे भरले. पंधरा मिनिटांची फेरी, मागे पायलट, पुढे मी. ग्लायडर चालवायच्या काठीला हात लावायचा नाही. तीन वेळा गेले. तिसऱ्यांदा विचारलं की मला स्वतः उडवायचंय, तर त्यांनी सांगितलं की इथे फक्त पाहुण्यांना फिरवतात. मग चार क्लबांना इंग्रजीत लांब पत्रं लिहिली. एकाचंच उत्तर आलं, तेही सप्टेंबरच्या शेवटी, आणि त्यात लिहिलं होतं की सीझन आता संपत आलाय, एप्रिलमध्ये भेटू.

चूक कुठे झाली हे मला फार उशिरा कळलं. मी जागा शोधत होते, आणि शोधायला हवी होती ती माणसं. जर्मनीत ग्लायडिंग हा दुकानात मिळणारा माल नाही. तिथे ‘फेराइन’ असतात, म्हणजे आपल्याकडच्या मंडळासारख्या नोंदणी केलेल्या संस्था. ग्लायडर मंडळाचे, दोराने ग्लायडर ओढून हवेत चढवणारं यंत्र, म्हणजे विंच, मंडळाची, हँगर मंडळाचा. शिकवणारे इन्स्ट्रक्टर पगार घेत नाहीत, शनिवार-रविवार स्वतःचा देतात. इंदूरच्या मराठी माणसाला हे समजवायला नको, आपल्या वस्तीतला गणेशोत्सव असाच चालतो. वर्गणी दिली म्हणजे काम संपलं, असं तिथेही नसतं. सकाळी हँगर उघडायला हजर असायचं, संध्याकाळी शेवटचा ग्लायडर पुसून आत जाईपर्यंत थांबायचं. पत्राला उत्तर न येण्यात उद्धटपणा नव्हता. ती पत्रं वाचणारा कुणीतरी दिवसभर नोकरी करून रात्री वाचत होता.

आता शोधायचं कसं. निघायच्या आधी, इथे इंदूरला बसूनच बरंच होतं. ओएलसी आणि वीग्लाइड अशा दोन साइट आहेत, जिथे जगभरचे ग्लायडर पायलट आपापली उड्डाणं चढवतात. ती सगळ्यांना बघता येतात: कोणत्या मैदानावरून, कोणत्या दिवशी, कोणत्या ग्लायडरवर, किती किलोमीटर. तुमच्या ऑफिसच्या गावाभोवती तासाभराच्या प्रवासाचं वर्तुळ मनात काढा आणि त्यातल्या मैदानांची मागच्या मे-जूनची उड्डाणं बघा. दोन-तीनच नावं हजार किलोमीटरच्या उड्डाणांसह पुन्हा पुन्हा येत असतील, तर ती जागा स्पर्धेवाल्यांची. दर शनिवारी दहा-बारा वेगवेगळी नावं छोट्या-मोठ्या उड्डाणांसह दिसत असतील आणि त्यात एएसके 21 सारखा दोन आसनी ग्लायडर असेल, तर तिथे शिकवणं चालतं असं समजायला हरकत नाही. ती जागा तुमची.

दुसरी गोष्ट मला फार आवडते. बहुतेक ग्लायडरमध्ये टक्कर टाळण्यासाठी ‘फ्लार्म’ नावाचं छोटं यंत्र असतं. त्याचे सिग्नल जमिनीवरचे हौशी लोक पकडतात आणि त्यावरून हवेतले ग्लायडर नकाशावर चालू वेळेत दिसतात. ओपन ग्लायडर नेटवर्क म्हणून शोधा. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. म्हणजे रविवारी संध्याकाळी साडेसहाला, आईने चहा ठेवलेला असतो तेव्हा, तिथे दुपारचे तीन वाजलेले असतात आणि थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेचे झोत, ऐन भरात असतात. मी आजही कधीकधी तो नकाशा उघडून बसते. एकाच जागी गोल गोल फिरणारे चार ठिपके दिसले की समजायचं, तिथे थर्मल आहे आणि चौघांनी तो वाटून घेतलाय.

तुम्हाला स्टुटगार्टकडेच पाठवलं, तर हानवाइडेचं मैदान नक्की बघा. शहराच्या आग्नेयेला किर्खहाइम गावाजवळ आहे, मे महिन्यात तिथे मोठी स्पर्धा भरते. मागेच श्वेबिश आल्प नावाचं चुनखडीचं पठार उभं आहे. त्याच्या वायव्येकडच्या कड्यावर वारा आदळून वर चढतो आणि त्या वाऱ्यावर ग्लायडर कड्याला धरून तासन्‌तास राहतात. महूच्या पुढे जाम गेटला उभं राहून खाली निमाडाकडे बघताना, कड्यावर पंख न हलवता तरंगणाऱ्या घारी तुम्ही बघितल्याच असतील. अगदी तसंच. कुठलंही मैदान निवडताना नकाशावर डोंगराची धार कुठल्या दिशेला तोंड करून आहे आणि तिथला नेहमीचा वारा कुठून येतो, हे एकदा जुळवून बघा.

त्या देशात एवढी मैदानं का, तेही सांगते. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर इंजिनाच्या विमानांचे कडक निर्बंध आले आणि विमानवेडी तरुण मुलं बिनइंजिनाच्या विमानांकडे वळली. 1920 मध्ये ऱ्योन डोंगरातल्या वासरकुप्पेवर पहिली स्पर्धा भरली. 950 मीटर उंचीचा बोडका माथा आहे तो. आता तिथे ग्लायडिंगचं संग्रहालय आहे. खाली पोपेनहाउझेन गावात श्लायशर कंपनीचा ग्लायडरचा कारखाना आहे, 1927 पासूनचा, आणि एएसके 21 तिथलाच. एका शनिवार-रविवारी मुद्दाम जा.

माझ्या क्लबमधला पहिला दिवस सांगते, कारण तुमचाही साधारण असाच जाईल. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये पत्र वगैरे न लिहिता शनिवारी सकाळी पावणेनऊला मैदानावर जाऊन उभी राहिले. हँगरचं दार ढकलणाऱ्यांमध्ये जाऊन दार ढकललं. ग्लायडर बाहेर काढताना मी पंखाच्या मागच्या कडेला हात लावला, तर 15 वर्षांची एक मुलगी पळत आली, माझा हात उचलून पुढच्या कडेवर, बुडाजवळ ठेवला आणि म्हणाली, इथे. मागच्या कडेला एलेरॉन, म्हणजे ग्लायडर कलवणाऱ्या हलत्या पट्ट्या, असतात, त्यांवर जोर पडता कामा नये. हडपसरला हे शिकवलेलं मला आठवायला हवं होतं, पण दीड वर्षात हात विसरले होते. त्या मुलीचं सोलो आधीच झालेलं होतं. तिथे 14 व्या वर्षापासून सोलो करता येतं. तिने मला दिवसभर सोबत ठेवलं: पंखाचं टोक धरून पळायचं कसं, दोराची कडी हुकात अडकवून ओढून बघायची कशी, विंचवाल्याला रेडिओवर काय सांगायचं. दोर ताणला गेला की ‘झाइल श्ट्राफ’, आणि हे स्पष्ट, एकाच दमात म्हणायचं. हे दोन शब्द मी त्या दिवशी पन्नासेक वेळा म्हटले असतील. तोपर्यंत मला जर्मन जेमतेम भाजी आणण्यापुरतं येत होतं.

दुपारी चारला वयस्क इन्स्ट्रक्टरनी यादीत माझं नाव घातलं. मी पुढे, ते मागे. विंचने ओढलं, नाक वर गेलं, आणि साधारण शंभर मीटरवर त्यांनी न सांगता दोर सोडला. दोर तुटल्याचा सराव. एक क्षण समोर नुसतं आकाश आणि आवाज बंद. नाक खाली घातलं, वेगाचा काटा परत जागेवर येईपर्यंत दुसरं काहीच केलं नाही, मग समोर मैदान उरलंय हे बघून सरळ उतरवलं. ते काही बोलले नाहीत. वहीत सही केली आणि पुढच्या उड्डाणाला पुन्हा माझंच नाव घातलं. तुमचीही अशी परीक्षा होणारच, म्हणून निघायच्या आधी हडपसरला जाऊन एक-दोन ड्युअल, म्हणजे इन्स्ट्रक्टरबरोबरची, उड्डाणं करून या.

कागदपत्रांचं थोडक्यात. लॉगबुकच्या प्रत्येक पानावर इन्स्ट्रक्टरची सही आणि शिक्का हडपसरलाच घ्या, तिथून मागवत बसणं फार जड जातं. युरोपचं ग्लायडर लायसन्स म्हणजे एसपीएल. त्याला किमान 15 तास उड्डाण लागतं. त्यात 10 तास इन्स्ट्रक्टरबरोबर आणि 2 तास सोलो, शिवाय 45 लाँच-लँडिंग, आणि एक क्रॉस-कंट्री, म्हणजे मैदान सोडून लांबचं उड्डाण: एकट्याने 50 किलोमीटर किंवा इन्स्ट्रक्टरबरोबर 100. वर लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा आणि मेडिकल. लायसन्स हातात येईपर्यंत इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली विद्यार्थी म्हणून सोलो उडता येतं, त्यामुळे अडून राहत नाही. माझ्या क्लबच्या ग्लायडिंग शाळेने जुनं लॉगबुक बघून काही तास धरले. तुमचे किती धरतील ते तुमची शाळा तुम्हाला उडवून बघून ठरवेल, त्यावरून वाद घालू नका. विंच आणि एअरोटो (विमानाने ओढून वर नेणं) यांची परवानगी वेगवेगळी नोंदली जाते. तुम्ही विंचवर शिकलात, तर एअरोटोसाठी पाच ड्युअल आणि पाच सोलो लाँच वेगळे करावे लागतील. खर्चाची फार धास्ती घेऊ नका. विंचच्या एका लाँचला काही युरो पडतात. महाग असतं ते विमानाने ओढून नेणं.

इंग्लंडचं वेगळं. तुम्ही तिथे आठवडाभराकरता जाणार, तर पूर्ण सदस्यत्वात अर्थ नाही. ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशनच्या साइटवर सगळ्या क्लबांची यादी आणि नकाशा आहे आणि बरेच क्लब थोड्या दिवसांचं सदस्यत्व देतात. लंडनच्या आसपास असाल तर हॅम्पशायरमधलं लॅशम सोयीचं, खूप मोठं आहे आणि आठवड्याच्या मधल्या दिवशीही चालतं. नोकरदाराला हे फार महत्त्वाचं, कारण मीटिंग गुरुवारी संपली आणि विमान शनिवारी असलं तर शुक्रवार मोकळा मिळतो. लंडनच्या उत्तरेला डन्स्टेबल, खडूच्या टेकडीला लागून. पण मला मनापासून सांगायचं तर एकदा लाँग मिंडला जा. श्रॉपशायरमध्ये पश्चिमेकडे तोंड केलेला लांबलचक डोंगर आहे, आणि वारा चांगला असेल तेव्हा तिथे अजूनही रबरी दोराने लाँच करतात. माणसं दोर धरून उतारावरून खाली धावतात आणि ग्लायडर कड्यावरून सुटतो. इंजिन नाही, विंच नाही. मी तिथे उडले नाही, फक्त दोर धरून धावले, आणि ते मला पुरलं. स्कॉटलंडला पाठवलं तर पोर्टमोक आणि ॲबॉइन ही दोन नावं लिहून ठेवा. दुसऱ्या ठिकाणी वारा डोंगर ओलांडून गेल्यावर त्यामागे हवेत उठणाऱ्या लाटांवर, म्हणजे वेव्हवर, खूप उंच जातात.

पुढे कधी अमेरिकेला गेलात तर तिथे बहुतेक ठिकाणी एअरोटो असतो, आणि पैसे देऊन शिकवणाऱ्या व्यावसायिक शाळाही भेटतात. सोअरिंग सोसायटी ऑफ अमेरिकेच्या नकाशावर सुरुवात करा. ऑस्ट्रेलिया आणि नामिबियाचा सीझन आपल्या हिवाळ्यात असतो, त्यामुळे युरोपातले लोक डिसेंबरमध्ये तिकडे पळतात. दोन वर्षांच्या पोस्टिंगमध्ये तुम्हाला याची गरज पडेल असं वाटत नाही.

तुमची तारीख ऑक्टोबर-नोव्हेंबरची असेल तर वाईट वाटून घेऊ नका आणि एप्रिलची वाट बघत खोलीत बसू नका. हिवाळ्यात क्लबची माणसं वर्कशॉपमध्ये असतात. ग्लायडर उघडून तपासणी चालते, पॉलिश होतं, विंचचे भाग सुटे होतात. बऱ्याच क्लबांत प्रत्येकाने वर्षाला ठराविक तास काम करायचंच असतं. त्यांच्या साइटवर वर्कशॉपची संध्याकाळ दिलेली असते. जर्मनमध्ये चारच ओळी लिहा: मी भारतातून आलोय, ग्लायडरवर सोलो झालोय, अमुक वारी मदतीला येतो, चालेल का. लांब पत्र नको, प्रमाणपत्रं जोडू नका. आणि वेळेवर जा.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात मी अशीच दर गुरुवारी जायचे. बाहेर बर्फ, आत एक हीटर, आणि आम्ही पाचजण एका जुन्या लाकडी ग्लायडरच्या पंखावरून पॉलिश पेपर फिरवत. एकदा घरून आलेली इंदुरी शेव घेऊन गेले, लोकांनी डबा रिकामा केला. माझ्या घरापासून मैदानापर्यंत बस नव्हती आणि रविवारी तर काहीच नसायचं. त्याच पाचांपैकी एकजण मग मार्चपासून दर शनिवारी सव्वाआठला माझ्या दारात गाडी घेऊन उभा राहायला लागला.