पुण्यात गच्चीवर चाळीसेक कुंड्या आहेत. उन्हाळा संपता संपता, पावसाआधी कोणती कामं करून घ्यावीत? आत्ता खत घालू का?

खत आत्ता नको. आधी निचरा बघा. पुण्यात कुंडीतली झाडं मे महिन्याच्या उन्हात जातात त्याहून जास्त जुलैच्या झडीत मुळं कुजून जातात, आणि तेव्हा हातात फारसं काही उरत नाही.

तपासायची रीत सोपी आहे. बारा इंची कुंडीत दोन लिटर पाणी एकदम ओता. मिनिटाभरात खालून धार लागली तर कुंडी ठीक. पाच मिनिटांनीही वर पाणी साचलेलं दिसलं तर भोकं मुळांनी बुजली आहेत, नाहीतर जुनं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कुजून त्याचा चिखल झाला आहे. भोकं बुजली असतील तर खालून जाड तार किंवा स्क्रूड्रायव्हर घालून मोकळी करा. चिखल झाला असेल तर कुंडी बदलण्याला पर्याय नाही.

कुंडी बदलायला वळीव पडून हवा जरा उतरल्यावरची संध्याकाळ धरा, भर उन्हात हे करू नका. मातीचा गोळा बाहेर काढून बाजूची इंचभर गुंडाळलेली मुळं कापा. भरायला दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग भाताचं तूस किंवा विटेचा जाडसर चुरा घ्या. बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड पुरते. काळी माती वापरत असाल तर चुरा दुप्पट करा, ती पाणी फार धरते. वर दोन बोटं जागा मोकळी ठेवा आणि कुंडी आठ-दहा दिवस सावलीत असू द्या.

तळाला खडीचा थर द्यायची जुनी सवय सोडा. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, त्यामुळे खडीच्या लगतची माती उलट चिंब राहते. भोकावर खापराचा तुकडा किंवा जाळी, एवढंच पुरे. कुंड्या विटांवर उचलून ठेवल्या की भोकं मोकळी राहतात आणि स्लॅबही सुकतो. खालच्या ताटल्या सरळ काढून टाका. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगीच्या डासाची अळी आठवडा-दहा दिवसांत डास होऊन उडते.

छाटणी झाड बघून करा. जास्वंद, तगर, कढीपत्ता आत्ता एक तृतीयांश कापला तर पावसात भरपूर फुटतो. मोगऱ्याला नव्या फुटीवरच कळ्या येतात, म्हणून फुलून गेलेले शेंडे खुडत राहा. बोगनवेल बहर संपला की कापा. गुलाबाची मोठी छाटणी मात्र ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर. आत्ता फक्त वाळक्या काड्या काढा. जास्वंदीच्या शेंड्यांवर आणि देठांच्या बेचक्यांत पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. छाटणी करताना तो भाग कापून पिशवीत बांधून टाका, आणि उरलेल्यावर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल नि दोन मिली द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारा. उन्हात फवारलंत तर पानं करपतात.

वेलभाज्या लावायच्या असतील तर मांडव आत्ताच बांधा, वेल वाढल्यावर बांधला तर मुळं दुखावतात. मृगाच्या पावसाच्या सुमारास दोडका, कारलं, काकडी पंधरा इंची कुंडीत दोन-दोन बिया, इंचभर खोल. कारल्याचं बी कडक असतं, रात्रभर भिजवा. कोथिंबिरीच्या नादी झडीत लागू नये, ती आडवी होऊन सडते.

उन्हासाठी बांधलेली शेडनेट (सावलीची जाळी) पहिला चांगला पाऊस झाल्यावर ढगाळ दिवस बघून काढा. त्यावर पाणी साचलं आणि वारा आला की दोऱ्या तुटून नेट खालच्या झाडांवर पडते. अडेनियम, निवडुंग त्याच दिवशी छपराखाली हलवा.

खताचं म्हणाल तर पाऊस स्थिरावून नवी पालवी दिसली की कुंडीला दोन मुठी गांडूळखत, पुढे दर महिन्याला तेवढंच. एकदम जास्त घातलंत तर निम्मं पाण्याबरोबर गच्चीच्या पायपातून खाली जातं.